पैसे देऊन लावलेली हरळी

आण्णा आमच्या पुण्याच्या नव्या घरी पहिल्यांदा आले ते श्रावणात. फाटक उघडून आत आले, चपला काढायला वाकले आणि तसेच उकिडवे बसले. गवताची एक काडी उपटली, पेर बघितलं, मूळ बघितलं आणि मान वर करून मला म्हणाले, "पोरी, ही हराळी हाय. पैसं देऊन लावलीस व्हय?"

मी म्हटलं, "लॉन आहे हो ते, आण्णा. सिलेक्शन वन म्हणतात त्याला."

"काय बी म्हणू देत. हराळीच हाय."

कराडजवळच्या आमच्या साडेतीन एकरांत आण्णांचं अर्धं आयुष्य हरळी काढण्यात गेलं. ऊस तुटून गेला की खणणाऱ्यांना उक्तं द्यायचं, कुदळीने हातभर खोल ढेकळं उलटायची, त्यातल्या पांढऱ्या कांड्या वेचून बांधावर उन्हात टाकायच्या. बोटभर कांडी राहिली तरी पावसाळ्यात तिथे पुन्हा जाळं. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं हेच काम करायचो. आणि त्यांची लेक पुण्यात चौरस फुटाच्या भावाने तीच हरळी विकत घेते, वर तिला पाणी घालते!

आण्णा चुकत नव्हते. ते गावी परतल्यावर मी शोधाशोध केली. सिलेक्शन वन ही हरळीतलीच निवडलेली, बारीक पानाची जात. गणपतीला वाहतो ती दूर्वा, उसातली हरळी आणि परदेशात गोल्फच्या मैदानावर लावतात ती बर्म्युडा, तिघींचं शास्त्रीय नाव एकच, सायनोडॉन डॅक्टिलॉन. शेतात ती तण, देव्हाऱ्यात ती दूर्वा, आणि माझ्या अंगणात तिचं लॉन झालं होतं.

लॉनचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते एम्प्रेस गार्डनच्या जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनात. बँकेतून निवृत्त झाल्यावरचा पहिलाच मोकळा जानेवारी. पश्चिम भारताच्या कृषी-उद्यान संस्थेचं हे प्रदर्शन, संस्था १८३० सालची. जुने पुणेकर तिथे लग्नाला गेल्यासारखे नटून जातात. मी डेलिया बघायला गेले आणि हिरवळ बघत बसले. सिंहगड रोडच्या बाजूला आमचं जोडघर, पुढे जेमतेम तीनशे चौरस फूट अंगण. तिथे गवत, कडेने वर्षानुवर्षं टिकणारी फुलझाडं, दर हंगामाला रोपं आणायला नकोत, असा साधा हिशेब होता.

ज्यांना काम दिलं त्यांनी मूळच्या काळ्या मातीवर दोन इंच लाल माती पसरली, शेणखत टाकलं, गवताच्या चौकोनी लाद्या अंथरल्या, रोलर फिरवला आणि पैसे घेऊन गेले. तीन आठवडे अंगण बिलियर्डच्या टेबलासारखं दिसत होतं. चौथ्या आठवड्यात त्यातून लव्हाळा वर आला. लाल मातीतून आला की शेणखतातून, हे सांगायला कोणी परत आलं नाही.

लव्हाळा ज्यांनी उपटला नाही त्यांना त्याचा स्वभाव कळायचा नाही. वरचं पान हातात सहज येतं, वाटतं निघाला. आठवड्याने तिथेच दोन. एकदा खुरपं न वापरता पाण्याने माती भिजवून मी एका रोपाचा माग काढला. पानाखाली बारीक, तपकिरी, वाटाण्याएवढा कंद. त्यातून सुतळीसारखं मूळ, मूळ चार बोटांवर पुन्हा कंदात शिरलेलं, तिथून पुन्हा पुढे. वीतभर खोलीत मला अकरा कंद मिळाले, एका माळेत ओवल्यासारखे. नखाने एक फोडून वास घेतला तर दिवाळीचा वास आला! हाच नागरमोथा. उटण्यात घालतात तो.

गल्लीत सकाळी फिरणाऱ्यांची एक टोळी आहे. झाडं बघत, फाटकापाशी थांबत, न विचारता सल्ले देत चालणारी. समोरच्या काकू (वय ७८, हातात कायम कात्री), कोपऱ्यावरचे कर्नलसाहेब, कोल्हापूरकडून मुलाकडे राहायला आलेले एक मास्तर आणि मी. कर्नलसाहेब म्हणाले, "तणनाशक मारा, विषय संपवा." त्यांनी स्वतःच्या लॉनवर ग्लायफोसेट मारलं. त्याला गवत आणि तण यांतला भेद कळत नाही, हिरवं दिसेल ते जळतं. आठ दिवसांनी त्यांचं लॉन खाकी झालं आणि पंधराव्या दिवशी त्या खाकीतून लव्हाळाच पहिला उठला. काकू म्हणाल्या, "रोज उपटायचा. दमतो तो." मी वर्षभर उपटला. तो दमला नाही, मी दमले. आण्णांनी फोनवर सांगितलं की उसात लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन नावाचं औषध मारतात, ऊस राहतो आणि लव्हाळा पिवळा पडतो. मी बशीभर जागेवर करून बघितलं आणि गवताला काही होत नाही असं दिसल्यावर हळूहळू पुढे सरकले. पाऊण लव्हाळा गेला. उरलेला अजून आहे. त्याच्याशी आता माझी ओळख झाली आहे.

या धामधुमीत आमच्या ह्यांनी मदत म्हणून एका दुपारी कडेच्या वाफ्यातला सगळा 'लव्हाळा' काढून टाकला. संध्याकाळी कौतुकाची वाट बघत उभे. ती पावसाळी लिली होती. काकूंनी दिलेले चाळीस कंद, पहिल्या वळवानंतर चार-पाच दिवसांत गुलाबी फुलांनी वाफा भरून टाकणारे. पान तेवढंच अरुंद, तेवढंच हिरवं. चूक समजण्यासारखी होती, पण तेव्हा मी ती समजून घेतली नाही. कचऱ्याच्या टोपलीतून कंद काढून पुन्हा लावले, तेहतीस जगले. काकूंनी ह्यांना फाटकापाशी बोलावून एक खूण शिकवली: दांडा चिमटीत धरून फिरवायचा. लव्हाळ्याचा दांडा तीन धारांचा, बोटाला टोचत वळतो. लिलीचा गोल. आणि लिली उपटली की खाली छोट्या कांद्यासारखा पांढरा गड्डा निघतो. हे आता येणाऱ्याजाणाऱ्याला चिमूट फिरवून दाखवतात.

आमच्या टोळीत देवाणघेवाणीचे अलिखित नियम आहेत. फांदीचे, कंदाचे, मुनव्याचे पैसे घ्यायचे नाहीत. दिलेलं रोप मेलं तर देणाऱ्याला सांगायचं, लपवायचं नाही. चोरून आणलेलं रोप जास्त चांगलं लागतं यावर काकूंची पूर्ण श्रद्धा आहे. त्यांच्या अंगणातली निम्मी जास्वंद कुठल्या कुठल्या मंगल कार्यालयांच्या कुंपणावरची आहे. सल्ला मात्र कोणीही कोणालाही, कितीही द्यावा. तिथेच घोळ व्हायचा.

थोरल्या नणंदबाई रत्नागिरीच्या. त्यांच्या परसात सोनटक्का असा माजतो की पावसाळ्यात वाट काढावी लागते. त्यांनी केळीच्या सोपटात गुंडाळून कंद आणले आणि म्हणाल्या, "काही करावं लागत नाही गं, नुसता टाक." मी अंगणाच्या मधोमध, भरपूर उन्हात लावला. तिकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, खाली जांभा, वर माडांची सावली. इकडे पाऊस सातशेच्या आसपास आणि ऊन दुपारी चारपर्यंत. मार्चमध्ये पानांच्या कडा पापडासारख्या झाल्या. नंतर तोच कंद मी मागच्या दारी, मोरीचं पाणी जिथून वाहतं तिथे भिंतीच्या सावलीत नेला. तिथे तो आता कर्दळीच्या शेजारी सुखात आहे. आमच्या आजीच्या घरीही मोरीच्या पाण्यावर अळू आणि कर्दळच असायची, हे मला सोनटक्का अर्धमेला झाल्यावर आठवलं.

न्यू जर्सीतल्या भाचीचा सल्ला याहून महाग पडला. तिचं लॉन केंटकी ब्लूग्रास आणि फेस्क्यू या गवतांचं, थंडीतली गवतं ती. वसंतात आणि पानगळीच्या आधी हिरवीगार, जुलैच्या उन्हाळ्यात मरगळलेली. "मावशी, सप्टेंबरात बी टाक, विरळ जागा भरून निघतात," ती व्हिडिओवर म्हणाली. मी बी मागवलं, टाकलं. आठव्या दिवशी मखमल उगवली. डिसेंबर-जानेवारीत आमच्या गल्लीत माझ्यासारखं लॉन नव्हतं; कर्नलसाहेब दोनदा वाकून बघून गेले. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात पारा चढला आणि एप्रिल उजाडेपर्यंत त्या मखमलीचं वाळकं चिपाड झालं. तिच्या अंगणात हिवाळा गवताला झोपवतो, माझ्या अंगणात उन्हाळा. तिने दिलेलं डेलियाचं ज्ञानही तसंच. बर्फ पडायच्या आत कंद काढून तळघरात ठेवायचे म्हणते. बर्फही नाही आणि तळघरही नाही. मी डेलियाचे कंद काढते ते उन्हाळ्यात, पावसाच्या पाण्याने कुजू नयेत म्हणून, आणि कोरड्या वाळूच्या डब्यात पलंगाखाली ठेवते.

मास्तरांनी एका सकाळी शंभर पानी वही आणली. ते श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराचे जुने भक्त. दाभोळकर कोल्हापूरचे, गणित शिकवणारे. शेतकऱ्यांनी आपापल्या रानात प्रयोग करायचे आणि ते एकमेकांना सांगायचे, हा त्यांचा ध्यास. मास्तर म्हणाले, "आपण नुसते सांगतो. करतो कुठं, ते कुणी सांगत नाही." वहीत प्रत्येकाने आपल्या वाफ्याचं पान करायचं: माती कुठली, पाणी कुठलं, ऊन किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत. ऊन कसं मोजायचं? मास्तरांनी मला खडू दिला. सकाळी ८, १०, दुपारी १२, २, ४ अशा वेळी अंगणात जाऊन सावलीची कड फरशीवर आणि कुंपणावर आखायची. एक दिवस केलं आणि चकित झाले. जिथे 'भरपूर ऊन' समजून मी गुलाब लावले होते तिथे पाण्याच्या टाकीची सावली सव्वाअकरालाच येत होती. आठ वर्षं राहत होते मी त्या घरात.

वहीतलं सगळ्यात रंगलेलं पान शेवंतीचं आहे. काकू आणि मी, दोघींकडे एकाच झाडाचे मुनवे. दोघींनी एकाच आठवड्यात लावले, पावसाळ्यात दोनदा शेंडे खुडले, एकच खत. नोव्हेंबरात काकूंची शेवंती पिवळ्या फुलांनी वाकलेली आणि माझी नुसती पाला. गुडघ्याच्या वर उंच, तजेलदार, एक कळी नाही. सल्ले सुरू झाले. खत जास्त झालं. खत कमी झालं. ताण द्या. केळीच्या सालीचं पाणी घाला. मी सगळं केलं. ती आणखी उंच झाली.

मग एका रात्री दूध तापवून फाटक लावायला बाहेर आले तर माझी सावली शेवंतीवर पडलेली दिसली. रात्री साडेनऊला सावली! त्या उन्हाळ्यात आमच्या कोपऱ्यावर विजेचा नवा खांब आला होता, त्याचा पांढरा झोत नेमका त्या वाफ्यावर. दुसऱ्या दिवशी नीट पाहिलं तर वाफ्याच्या टोकाची, कुंपणाच्या आडोशाला अंधारात असलेली दोन रोपं कळ्यांनी भरलेली होती. ती मी बघितलीच नव्हती, कारण ती ठेंगणी राहिली होती. मास्तरांना सांगितलं तर ते हसायला लागले. शेवंती रात्र मोजते. रात्र लांबली की तिला कळतं थंडी आली, मग ती कळ्या धरते. पॉलिहाऊसवाले याच्या जोरावर रात्री दिवे लावून फुलं मागे ढकलतात आणि काळं कापड ओढून पुढे आणतात. माझ्या शेवंतीला रात्रच मिळत नव्हती. मी चार रोपांवर रोज संध्याकाळी सहाला फ्रिजचा मोठा खोका उपडा घालायला लागले आणि सकाळी आठला काढायला. ह्यांना वाटलं, बाई कामातून गेली. डिसेंबरच्या मध्यावर खोक्यातल्या चारही रोपांना कळ्या, खोक्याबाहेरची अजून पालाच. पुढच्या वर्षी वाफाच घराच्या मागे नेला.

हुमणीचं प्रकरण त्याच्या पुढच्या वर्षीचं. सप्टेंबर. बाकी सगळं हिरवं असताना लॉनच्या एका कोपऱ्यात ताटाएवढा पिवळा डाग. आठवड्यात परातीएवढा. मी पाणी वाढवलं, कोणी म्हणालं म्हणून चिमूटभर युरिया दिला. डाग वाढतच गेला. गावी भावाला फोन केला. त्याने एकच सांगितलं, "ताई, पिवळं झालेलं गवत धरून ओढ."

ओढलं. गवत मातीपासून सुटून सतरंजीसारखं गुंडाळत आलं. मुळंच नव्हती त्याला. खाली ओल्या मातीत पांढऱ्या, जाड, डोकं तपकिरी असलेल्या अळ्या, इंग्रजी 'सी'सारख्या वळून पडलेल्या. हातभर जागेत चौदा. माझ्या अंगावर काटा आला, पण नजर हटेना. एकीच्या पोटातून तिने खाल्लेली काळी माती आरपार दिसत होती. ही उसाची हुमणी. वळवाचा पहिला मोठा पाऊस झाला की संध्याकाळी जमिनीतून तपकिरी भुंगेरे निघतात, कडुनिंब-बाभळीवर जाऊन पाला खातात, तिथेच जोड्या जमतात आणि पहाटे पुन्हा जमिनीत शिरून अंडी घालतात. आमच्या फाटकाला लागून कडुनिंब आहे. मेअखेरीस व्हरांड्यातल्या दिव्यावर टपाटपा आपटणारे ते भुंगेरे मी स्वतः केरसुणीने लोटून अंगणात टाकले होते. अंगणात!

भावाने मेटारायझियमची पूड पाठवली. ती एक बुरशी, अळीच्या अंगावर वाढते आणि तिला मारते. शेणखतात मिसळून ओल्या मातीवर पसरली. लाद्या उलटून ठेवल्या होत्या तिथे दोन दिवस साळुंक्यांची पंगत बसली, एक भारद्वाजही कुंपणावरून उतरून यायचा. अळ्या कशाने जास्त कमी झाल्या, बुरशीने की साळुंक्यांनी, हे मी वहीत लिहू शकले नाही. तेव्हापासून दर वर्षी पहिल्या वळवाच्या रात्री साडेसात-आठला आमची टोळी कडुनिंबाखाली जुनी चादर धरून उभी राहते. कर्नलसाहेब लांब काठीने फांद्या हलवतात, खाली पडलेले भुंगेरे आम्ही रॉकेल टाकलेल्या पाण्याच्या बादलीत गोळा करतो. गेल्या वर्षी पहिल्या रात्री २१२ निघाले. मास्तरांनी मोजले.

लॉन मात्र आता तीनशे चौरस फूट नाही. एका उन्हाळ्यात गल्लीला दिवसाआड पाणी होतं तेव्हा मी बादल्या मोजल्या. त्या गवताला रोज सात-आठ बादल्या लागत होत्या, म्हणजे दीडशे लिटर, आणि समोरच्या बांधकामावरच्या बाया आमच्या बाहेरच्या नळावर कळशी भरायला येत होत्या. मी गवताचं पाणी बंद केलं. ते पंधरा दिवसांत वाळलं. कर्नलसाहेबांनी त्यांच्या मऊ कोरियन गवतासाठी टँकर मागवला आणि मला दोन शब्द सुनावले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस पडला आणि माझ्या वाळल्या गवतातून सहाव्या दिवशी कोंब आले. आण्णा फोनवर म्हणाले, "हराळी मरती व्हय कधी? आमी मारून बघितली की जल्मभर." तरीही त्या वर्षी मी दोनशे फूट गवत काढलं आणि तिथे मोगरा, अबोली, गुलबक्षी, कोरांटी लावली. उरलेलं शंभर फूट नातवाच्या लोळण्यापुरतं. हिरवळ डोळ्यांना बरी वाटते हे खरं, पण आपल्याकडच्या पाण्यात एवढी पुरे, असं माझं मत झालं आहे.

त्यातला एक हातभर कोपरा आण्णांच्या रानातल्या हरळीचा आहे. मी मागितली तेव्हा ते फोनवर बराच वेळ काही बोलले नाहीत, मग भावाबरोबर ओल्या फडक्यात बांधून पाठवली. त्या कोपऱ्यात औषध जात नाही, कात्रीही नाही. भाद्रपदात अख्खी गल्ली तिथून दूर्वा खुडून नेते.

शेवंतीचे मुनवे दर फेब्रुवारीत निघतात, फुलं सरल्यावर झाड वीतभर ठेवून छाटलं की बुडातून दहा-बारा येतात. ते द्यायचेच असतात. ज्यांना हवेत त्यांनी कुंडी आणू नये, जुनं वर्तमानपत्र पुरे. फक्त घरून निघण्याआधी एकदा रात्री नऊनंतर आपल्या गच्चीत किंवा अंगणात उभं राहून बघा, दिव्याचा उजेड कुठपर्यंत पडतो ते.